वेशीत किंचाळणारा ब्रेक

कळंबला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात वायपर घेण्यासाठी मी थांबलो होतो. माझ्यापुढे रेवणसिद्ध अप्पा आणि त्यांच्या पत्नी रुद्रम्मा उभ्या होत्या. दुकानदार सोमेशने अप्पांच्या गाडीच्या ब्रेकची झिजलेली डिस्क काढून काउंटरवर ठेवली.

"अप्पा, पॅड पार संपलेत आणि डिस्कला चरे पडलेत. दोन्ही बदलावं लागंल."

"गाडी थांबतीय की अजून."

"येडशीच्या घाटात कशी थांबली, ते मला इचार सोमेश. नवसावर नवस बोलले म्या, तवा थांबली," रुद्रम्मा म्हणाल्या.

"बरं, बदल बाबा. पण नवे पॅडबी किंचाळणारेच दे."

"अप्पा, लोक आवाज येतो म्हणून पॅड बदलतात!"

"लोकांचं सोड. आमच्या वेशीत ब्रेक किंचाळला, की ही चहा ठेवती. म्या ओट्यावर बसंपर्यंत कप हातात. आवाजच न्हाय आला, तर हिला कळायचं कसं?"

"आक्कांना फोन करायचा."

"दुपारी फोन उचलतीय कुठं ही!"

"झोपेत कसा उचलू?"

"झोपेत? तू तर म्हणतीस, दुपारभर माझी वाट बघत बसते!"

रुद्रम्मांनी सावकाश पदर सावरला.

"सोमेश, डिस्क नवी बसव, पॅडबी बिनआवाजाचेच बसव. घाटात जीव नगं जायला."

"बसवतो, आक्का."

"आन् समोर पोळ्याच्या सामानाचं दुकान हाय न्हवं? तिथनं एक घुंगरमाळ आणून ह्यांच्या गाडीला पुढं बांध."

"गाडीला? बैलाची घुंगरमाळ?"

"व्हय. वेशीतनं घरापर्यंत ऐकू यील, अशी बघ."