दोन बोटं पाऊस

दवाखान्याच्या बाकावर विज्ञानाच्या नव्या बाई शाळेची पावसाची वही उघडून बसल्या होत्या. बाहेर महिनाभर पाऊस, आणि वहीत रोज शून्य! उद्या हीच वही जिल्ह्याच्या प्रदर्शनात जायची होती. त्यांच्याकडे पाठ करून पुढच्या बाकावर शाळेच्या सफाईवाल्या मावशी आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर बोलत होते.

“मावशी, सातवीची पोरं रडकुंडीला आलीत. गच्चीवरच्या काचेच्या नळीत पाऊसच सापडत नाही म्हणे.”

“सापडेल कसा? पोरं यायच्या आत मी ती रोज धुऊन-पुसून ठेवते.”

“धुऊन?”

“मग! काचेवर एवढे बारीक आकडे, त्यात गढूळ पाणी. पोरांना वाचता नको यायला?”

“धन्य आहे तुमची! आणि ते पाणी?”

“व्हरांड्यातल्या कुंड्यांना घालते. आधी बोटं लावून बघते. जेवढी बोटं पाणी, तेवढ्या रेघा तिथल्याच भिंतीवर कोळशानं मारते. दोनाच्या वर गेलं, की त्या दिवशी झाडांना वेगळं पाणी नाही.”

“महिनाभर मारल्यात?”

“तारखेसकट. एक दिवस चुकले नाही.”

“मावशी!” मागून बाई म्हणाल्या.

“अगंबाई! तुम्ही इथंच होय? माझं काही चुकलं का?”

“आधी हात पुढे करा.” बाईंनी पिशवीतून पट्टी काढली.

“बाई, मारू नका हो, त्यांच्या वयाकडे तरी बघा!”

“गप रे. मला बोटाची रुंदी मोजायचीय.”

“मग एकच कशाला, चारही मोजा,” मावशींनी हात पसरला. “परवा चार भरली होती.”