कान हालवणारा मेंढा

कासाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा तिचा नवरा रायभान मेंढरांमागं रानात होता. महिन्यानं पालमच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या दोन अनोळखी पोरींच्या मोबाइलमधून तिचाच आवाज आला.

“कार्टूनमधली ही शेळी त्या सरपंच बगळ्यालाबी लय झापती!”

“आन् ह्यो मेंढा?”

“तिचा नवरा. कितीबी विचारलं तरी नुसता कान हालवतो.”

“शेळीचा आवाज कुणाचा गं?”

“झरीच्या एका आजीचा. त्यांच्या भाचीनं रेकॉर्ड केलाय, तीच सांगत हुती. मेंढा म्हंजे आमचे धनीच, म्हणायच्या. वारल्या आता.”

“पोरी, परत लाव,” रायभान म्हणाला.

“काय झालं, बाबा?”

“लाव की!”

“अवं धनी, मी काय म्हणायलेय, ऐकायलाव का?” शेळीनं विचारलं.

मेंढ्यानं कान हालवला. पोरी हसल्या. रायभाननं तोंड उघडलं, पण ‘हो’ म्हणायचं राहूनच गेलं.