दंडावरचे डाग

(शाळांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओची मागची खोली. भाऊ फोटो काढतो, धाकटी बहीण ते कॉम्प्युटरवर साफ करते.)

दादा : अगं, अजून त्याच पोरीवर अडकलीयस? अख्खा वर्ग बाकी आहे.

धाकटी : हिच्या दंडावर बघ.

दादा : डाग आहे. काढून टाक, त्यात काय एवढं!

धाकटी : एक नाही, चार आहेत. ओळीनं. तुझा पंजा माझ्या दंडावर ठेव बघू. आता आवळ.

दादा : हे काय नवीन खूळ?

धाकटी : आवळ रे. बोटं कुठे आली?

दादा : पोरं पडतात, गं. धडपडतात, मारामाऱ्या करतात.

धाकटी : पडल्यावर गुडघे फुटतात, कोपरं खरचटतात. दंडाच्या या मऊ भागावर असं लागत नाही.

दादा : दोन रविवार त्या मुलांच्या मदत केंद्रात काय जाऊन बसलीस, आता तुला जिकडेतिकडे तेच दिसणार.

धाकटी : दिसायलाच हवं. त्यासाठीच जाते. आणि यापुढेही जाणार आहे, तू कितीही चिडव.

दादा : चिडवत नाही. पण हिचा बाप माझ्या ओळखीचा आहे. भला माणूस आहे, थांबून चौकशी केल्याशिवाय पुढे जात नाही. उगाच काही बोललो आणि शाळेनं काम काढून घेतलं, तर आपण दोघांनी इथे माशा मारत बसायचं का?

धाकटी : गेल्या वर्षीही होता एक.

दादा : हिलाच?

धाकटी : कानाखाली, निळसर. मला पक्का आठवतो, कारण त्याच्यावर केसांची बट होती. एकेक केस राखून तो काढताना नाकी नऊ आले होते. तू म्हणालास, काय सफाई आहे! मी केवढी फुशारले होते.

दादा : तो मूळ फोटो असेल ना आपल्याकडे?

धाकटी : कॉम्प्युटरमध्ये जागा उरत नाही म्हणून तूच दर वर्षी उडवायला लावतोस. आता आपल्याकडे आहे ती नुसती गोड हसणारी पोरगी. तिच्या घरी भिंतीवरही तीच असेल.

दादा : तेव्हा तुला कुठे काय माहीत होतं!

धाकटी : माहीत नव्हतं, पण दिसत तर होतं! डोळे फोडून तेवढंच बघत बसले होते. हे कशानं झालं असेल, एवढं साधं मनात आलं नाही रे. त्याचंच फार वाईट वाटतंय. तू वाकून काय बघतोयस?

दादा : काही नाही.

धाकटी : दादा.

दादा : परवा फोटो काढताना तिनं एकच बाही वर दुमडली होती. म्हटलं, खाली घे बाळा. तर म्हणाली, असू दे ना काका. हे फोटोत दिसेल का?

धाकटी : मग?

दादा : मला वाटलं, पोर लाजतेय. म्हटलं, छे गं, काळजी करू नकोस, आमची ताई सगळं पुसून टाकते.

धाकटी : अरे देवा. त्यावर काय म्हणाली ती?

दादा : मी लगेच म्हटलं, हास बघू. हसली.

धाकटी : तिला ते पुसायला नको होतं रे.

दादा : कळतंय गं आता. त्या केंद्राला फोन लाव.

धाकटी : आणि शाळेचं काम?

दादा : गेलं तर गेलं. लाव तू, मी बोलतो.

धाकटी : तुला जमेल? काय सांगशील?

दादा : तिनं मला विचारलं होतं, ते आधी सांगतो.