राणी ‘हाय’ म्हणते

बारामतीच्या स्टँडवर इंदापूर गाडीची वाट बघून प्रयागबाई मेटाकुटीला आल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावरची पोरं आपण केलेल्या खेळाबद्दल बोलायला लागली आणि त्यांनी कान टवकारले.

“करुणा, आपल्या गेमचं परीक्षण आलं. पाचात दोन तारे.”

“वाच, धम्मदीप.”

“‘होस्टेलमध्ये फासे टाकून खेळला जाणारा हा राणी-राक्षसाचा खेळ मोबाईलवर छान उतरला आहे. पण राणी सारखी इंग्रजीत हाय का म्हणते?’”

“कुठं म्हणती?”

“‘भिऊ नका, माझी तलवार हितंच हाय,’ असं म्हणती तितं.”

“आता गं बया! त्याला ते हाय-हॅलोतलं हाय वाटलं?”

“म्हणतोय, राणीला शुद्ध बोलायला लावा, तारे वाढवतो.”

“राणी माझ्या आज्जीसारखी बोलती. तशीच बोलणार.”

“आन् तारे?”

“आभाळात लई हायती.”

“मग शुद्ध कुणीच बोलायचं न्हाय?”

“बोलंल की. पुढच्या भागात राक्षस बोलंल.”

गाडी लागली. प्रयागबाई पिशवी उचलून उठल्या आणि करुणाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या,

“पोरी, राणीला सांग, तलवार खाली ठिवू नगं म्हणावं. मी हाय.”