अण्णांच्या पिशवीतले मासे

शाकाहारी घरात वाढूनही मला गळ टाकायचा भारी नाद. नोकरीला बंगळूरला नवीन होतो तेव्हा दर रविवारी तळ्यावर जायचो, काठावरच्या एका पाटीला सायकल टेकवायचो आणि बसायचो. मासा घरी नेला असता तर बायकोने मलाच बाहेर काढलं असतं. म्हणून मिळेल तो शेजारी गळ टाकून बसणाऱ्या अण्णांना द्यायचो. "सरी, सरी," म्हणजे 'बरं, बरं' म्हणत ते पिशवीत टाकायचे.

एकदा अण्णा आजारी पडले, तर मी मासा थेट त्यांच्या घरी नेला. दार त्यांच्या बायकोने उघडलं. "अय्यो! सोवळ्याच्या घरात हे काय?" मागे अण्णा हात जोडून उभे. "घर चुकलं, अक्का," म्हणून मी पळालो.

पुढच्या रविवारी विचारलं, "मग माझे मासे खातंय कोण?"

"इथला वॉचमन," अण्णा म्हणाले. "तुम्हाला कन्नड वाचता येत नाही म्हणून बरं. ज्या पाटीला सायकल टेकवता ना, तिच्यावर 'मासे धरायला मनाई' लिहिलंय."