दाराच्या चौकटीवरच्या रेघा

मुलुंडला दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारी दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

“पोर्तुगाल कसं झालं गं, गंधाली?”

“झकास. हॉटेल नाही घेतलं, एका माणसाचं घरच भाड्याने घेतलं. मुक्ताला रोज वरणभात लागतो ना.”

“मग तोंड का उतरलंय?”

“निघताना मी सगळं घर झाडून-पुसून काढलं.”

“तिकडे जाऊनसुद्धा?”

“मागून कोणी नावं ठेवायला नकोत, यार. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, खालपासून वरपर्यंत. मला वाटलं, मुक्ताचेच उद्योग.”

“तिला विचारायचंस ना.”

“विचारलं. आधीपासूनच आहेत म्हणाली. खोटं बोलते म्हणून धपाटा घातला आणि साबण लावून सगळं घासून काढलं.”

“मग?”

“घरी आल्यावर मालकाचा मेसेज. इतकं स्वच्छ घर कोणीच ठेवलं नव्हतं म्हणे. फक्त त्या रेघांचा एखादा फोटो आहे का, विचारत होता. त्याच्या मुलाची उंची मोजायचे तिथे. तो मुलगा आता नाहीये गं.”

“अगं बाई! आणि फोटो?”

“ह्यांच्या फोनमध्ये एकच सापडला. मुक्ता त्याच चौकटीला पाठ लावून उभी आहे, ताठ. स्वतःची उंची बघत असणार.”

“रेघा दिसतात?”

“सगळ्या तिच्या पाठीमागे गेल्यात. डोक्याच्या वर तेवढी एक दिसते. शेवटची.”