कानाचं मशीन

जळगाव स्टँडवर बोदवडच्या गाडीसाठी उभा होतो. पुढे एक म्हातारं जोडपं, आणि त्यांना नुकताच भेटलेला गावचा कोणी भाईदास.

"झुंबरकाकू, आबाले कानाचं मशीन घेतलं का?"

"नाही रे भाईदास. दुकानदार म्हने, कानाच्या डॉक्टरनं तपासल्याबिगर मशीन देत नाही. आमच्या धंद्याचा नियमच आहे म्हने."

"मग?"

"मी भलती भांडली त्याच्याशी. म्हटलं, मानूस समोर बहिरा बसेल हाये, आजून काय तपासता? पन तो ऐकेचना. गेलो मग डॉक्टरकडे."

"काय म्हने डॉक्टर?"

"आधी कानात बॅटरी मारून पाह्यलं. चिमट्यानं दोन्ही कानातून कापूस काढला."

"कापूस?"

"आपल्याच वावरातला! मागच्या थंडीत तेलात बुडवून मीच घातला व्हता. वरचा काढला, आतला तसाच राहिला."

"म्हंजे कान चांगले हायेत?"

"एकदम चांगले! मशीन लागतच नाही म्हने. मी तर हायच खाल्ली व्हती रे!"

"झुंबर, हळू बोल. सगळा स्टँड ऐकून राहिला."

"काय म्हटलं तुमी?"

"हळू बोल म्हटलं."

"आजून एक डाव म्हना. किती दिसांनी म्हटलं तुमी, 'हळू बोल'!"